साठावर नऊ

९ जानेवारी

आत्या, नमस्कार.

पहिल्या खोक्याची यादी काल मिळाली. पाकीट जरा भिजलं होतं, पण अक्षर शाबूत आहे. मी इथे बसून नेमकं काय करते, असं तू विचारलंस. सगळं सांगते, म्हणजे मागाहून "मला कुठे माहीत होतं" असं म्हणायला तुला जागा राहणार नाही.

सुट्टीत येऊन काकांच्या स्टुडिओतल्या सगळ्या निगेटिव्ह मी मशीनवर टाकून कॉम्प्युटरमध्ये घेतल्या, ते तू पाहिलंसच. निगेटिव्हच्या पाकिटावर काकांनी जो आकडा घातला आहे तोच मी फोटोच्या फाइलला नाव म्हणून दिला. चौथ्या खोक्यातलं बारावं पाकीट म्हणजे फाइल ‘४-१२’. आता मी एक मोठा तक्ता केला आहे. पहिल्या घरात माणूस, शेजारच्या घरात त्याचं खोकं आणि आकडा, त्याच्या शेजारी निळ्या अक्षरांत ‘फोटो’ हा शब्द. त्या निळ्या शब्दावर टिचकी मारली की त्या आकड्याची फाइल उघडते आणि माणूस समोर हजर. जोडणी तक्ता स्वतःच करतो, मी फक्त आकडा पुरवायचा. काका रजिस्टर बघून, शिडी लावून, खोकं उतरवून जे काम दहा मिनिटांत करायचे ते आता क्षणात होतं.

काका नऊ आणि एक सारखेच काढत, म्हणून रजिस्टरवरून उतरवताना तू आकडे अक्षरांत लिहितेस, हे फार चांगलं आहे. त्यासाठी मी आणखी एक छोटा तक्ता बनवला आहे, शंभर ओळींचा. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला आकडा. दुसऱ्या खोक्यापासून मी तुझा शब्द जसाच्या तसा टाइप करीन आणि आकडा तो तक्ता शोधून घेईल. त्यात माझ्या डोक्याचा संबंधच येत नाही, म्हणजे चुकीला वाव नाही. शंभर ओळी मोजूनही पाहिल्या. दोनदा.

फक्त एक विनंती आहे. तू "साठावर नऊ", "तिसावर नऊ" असं लिहिलं आहेस. पहिल्या खोक्याला मी ते हाताने निस्तरलं, पण तक्त्याला असले घरगुती शब्द कळत नाहीत. यापुढे एकोणसत्तर, एकोणचाळीस असं सरळ लिही. मी आता सात वर्षांची नाही, आत्या. कचेरीत आवक-जावक सांभाळते, लोक माझ्या नोंदीवर सह्या करतात. आणि पाकिटावर ‘एकोणी’ असं मुळीच लिहू नकोस. पोस्टमनने जिन्यात मोठ्याने वाचलं.

मार्चअखेर स्टुडिओची जागा रिकामी करून द्यायची आहे. ज्याचा चेहरा त्याला पोचवायचा, हे काकांचं शेवटचं सांगणं. ते पुरं होईल ना, या विचाराने मी एका जागी बसू शकत नाही. काल दाराला कुलूप लावलं की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत आले. लावलं होतं.

तुझी भाची


१५ जानेवारी

बाईसाहेब,

(एकोणी म्हणायचं नाही ना? नाही म्हणत.)

तुझं तक्त्याचं प्रकरण मी दोनदा वाचलं. एवढं कळलं की तुझे काका ज्याला डोकं म्हणायचे त्याला तू तक्ता म्हणतेस. असो. सरळ शब्द लिहायचे म्हणतेस तर सरळ लिहीन. मला वाटलं होतं की ‘साठावर नऊ’ हे आपल्या दोघींचं आहे. तू त्या वर्षी आजारपणामुळे शाळेत न जाता आजोबांकडे घरीच शिकत होतीस, आणि मी दोन महिने माहेरी आले होते. शंभरपर्यंत लिही म्हटलं की तू एकोणवाल्या जागा मोकळ्या ठेवायचीस आणि सगळ्यात शेवटी, ओठ चावत, त्या भरायचीस. आजोबा पाटी बघून कपाळाला हात लावायचे. मग मी तुला पायऱ्या करून दिल्या. तीस, तिसावर एक, तिसावर दोन, थेट तिसावर नऊपर्यंत. त्यानंतर तू चुकली नाहीस. पण आता लोक तुझ्या नोंदीवर सह्या करतात म्हटल्यावर मी कोण सांगणार?

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या खोक्याची यादी सोबत आहे. ज्यांनी फोटो मागितलेत त्यांच्यावर फुली केली आहे. त्यांचे आधी छाप.

त्यातही नर्सबाईंचा सगळ्यांत आधी. आपल्या गल्लीच्या टोकाला दवाखाना आहे ना, तिथल्या. माझ्या कानाला मशीन लावून बघायला त्याच मला ओढून नेतात. त्यांचे वडील ट्रक चालवायचे. अपघातात गेले तेव्हा आई चार महिन्यांची गरोदर. घरात एकही फोटो नाही. मात्र आईने मरताना सांगितलं की गेले त्याच आठवड्यात ते आपल्या स्टुडिओत परवान्यासाठी फोटो काढायला आले होते. तेव्हापासून बाई विचारताहेत. काका असताना रजिस्टर सापडत नव्हतं, सापडलं तेव्हा काका नव्हते. नोंद अशी आहे: ड्रायव्हर, परवान्यासाठी, खोकं चौथं, एकोणसत्तर. (बघ, सरळ लिहिलं.)

चाळिशीच्या बाई, पण रोज कामावर जाता जाता दारातून हाताने खूण करतात: आला का? मी मान हलवते: नाही. परवा म्हणाल्या, "निदान कान तरी कुणासारखे आहेत ते कळू दे." स्वतः मात्र कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या की त्यांची पापणी बटणाआधी पडते. गळ्यातल्या ओळखपत्रावर डोळे मिटलेलेच आहेत. दवाखान्यात त्यांना ‘झोपलेल्या बाई’ म्हणतात.

जेवत जा. कुलूप एकदाच बघत जा.

आत्या


२७ जानेवारी

आत्या, नमस्कार.

एक्केचाळीस पाकिटं आज वेगळ्या पार्सलने पाठवली आहेत. प्रत्येकावर नाव घातलंय आणि प्रत्येक चिकटवलंय. तू उघडू नकोस हं. लोकांचे चेहरे आहेत, त्यांनीच पहिल्यांदा बघावेत असं मला वाटतं.

नर्सबाईंचं सगळ्यांत वर ठेवलं आहे. निळ्या शब्दावर टिचकी मारली आणि फोटो उघडला तेव्हा मी उभीच राहिले. किती देखणा माणूस, आत्या! दाट केस मागे वळवलेले, कॉलर कडक, आणि नजर अशी सरळ की मी उगाच पदर-केस नीट केले. आता काही बोलेल असं वाटतं. मी त्यांच्यासाठी मोठा आकार छापून घेतला, जाड कागदावर. कानही स्पष्ट आहेत, त्यांना सांग.

सगळं तीन-तीनदा ताडून पाहिलं. तुझा शब्द, तक्त्यातला शब्द, निळ्या शब्दामागची फाइल. सगळं जुळतं. एकच गंमत दिसली: चौथ्या खोक्यात टेलरमास्तर आणि बेकरीवाला या दोघांच्या नावासमोर एकच फोटो उघडतो, लग्नाच्या जोडप्याचा. मास्तर नवरदेवाचे दोस्त असतील आणि त्यांनीही एक प्रत मागितली असेल, असं धरून मी दोघांनाही पाठवला. बरोबर ना?

आमच्या साहेबांनी काल विचारलं, "इतका वेळ त्या पडद्याकडे काय बघता?" मी म्हटलं, "माणसं." ते माझी वही उचलून केबिनमध्ये गेले. तेव्हापासून मला धाकधूक आहे.

नर्सबाई काय म्हणाल्या ते लगेच लिही. लगेच.

तुझी भाची


६ फेब्रुवारी

बाळ,

पार्सल मिळालं. पाकिटं वाटायला घेतली आहेत.

नर्सबाईंना त्यांचं दिलं. माझ्या काउंटरवरच उघडलं त्यांनी. रडल्या, मग हसल्या, मग मला मिठी मारली, त्यात माझं कानाचं मशीन खाली पडलं. दुसऱ्या दिवशी चौकट करून आणली. फोटो स्वच्छ आला आहे.

इकडे थंडी कमी झाली. शिडीचा एक पाय डुगडुगत होता, तो सुताराकडून बसवून घेतला. जागेचा मालक येऊन गेला, मार्चअखेर म्हणजे मार्चअखेर, म्हणाला. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. तो कागदावर लिहून दाखवायला लागला तेव्हा चष्मा सापडेना.

आणि हो, समोरच्या घड्याळजींचा आकडा मी काय लिहिला होता तो बघून कळव. घाई नाही. सहज विचारते. घाई नाही.

आत्या


१२ फेब्रुवारी

आत्या,

घड्याळजी: खोकं चौथं, एकोणऐंशी. तुझ्या कागदावर आहे तसंच तक्त्यात आहे, अक्षर न् अक्षर.

पण तू का विचारलंस? ‘घाई नाही’ असं एकदा लिहिलं असतंस तर मी मानलं असतं. दोनदा लिहिलंस.

आणि नर्सबाईंच्या फोटोला तू ‘स्वच्छ’ म्हणालीस. कपडे स्वच्छ असतात, आत्या. एखादा चेहरा बघून तू आजवर ‘स्वच्छ’ म्हणाली नाहीस. नाकाला नावं ठेवतेस, भुवयांचं कौतुक करतेस, त्याच्या मावशीपर्यंत जाऊन येतेस. तुला तो फोटो आवडला नाही का? मोठा केल्यामुळे खराब झाला का? काही तक्रार आली असेल तर सरळ लिही. मला न सांगता माझं मन राखू नकोस. त्याने मन राहत नाही, उलट जास्त भटकतं. काल कचेरीत एकच पाकीट तीनदा उघडून पुन्हा चिकटवलं.

तुझी भाची


२० फेब्रुवारी

अगं वेडे,

तक्रार म्हणशील तर आहे, पण ऐकून हसशील.

टेलरमास्तरांनी पाकीट घरी नेऊन बायकोसमोर ऐटीत उघडलं. आपलं लग्न बघायला मिळणार म्हणून ती चष्मा पुसून बसलेली. आत निघाली बेकरीवाल्याची बायको, नवरीच्या वेषात! मास्तरीण म्हणाली, "हिचा फोटो तुमच्या नावाने का ठेवला होता, ते आधी सांगा." मास्तर दोन दिवस दुकानातच झोपले. दोस्ती-बिस्ती काही नाही हं त्या दोघांत, उसवलेल्या कोटावरून वीस वर्षं बोलणं बंद आहे.

आणि मास्तरांचं लग्न निघालं कुणाच्या पाकिटात? घड्याळजींच्या! तो जन्माचा ब्रह्मचारी. फोटो घेऊन आला, माझ्यासमोर धरला आणि कानाशी ओरडला, "वहिनी, एवढ्या उशिरा जमवलंत, तेही दुसऱ्याच्या बायकोशी?" तरुणपणी काकांनी त्याचा एक फोटो काढला होता, तो हवा होता त्याला.

तेव्हा चार पाकिटं इकडची तिकडे झाली असतील, एवढंच. चिकटवताना होतं. बाकी लोक खूश आहेत. जीव खाऊ नकोस स्वतःचा. मास्तरांचा तेवढा परत छाप.

आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

चिकटवताना झालं नाही. मी सापडले.

तुझं पत्र आलं त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चौथ्या खोक्याच्या फायली एकेक करून उघडल्या, तक्त्यातून नाही, सरळ आकड्यांनी. बेकरीवाल्याचं लग्न ९९ वर आहे. टेलरमास्तरांचं ८९ वर. मग प्रत्येक खोक्यात कोणता आकडा किती जणांना लागलाय ते मोजलं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, तिन्ही खोक्यांत एकच प्रकार: ९९ दोघांना लागलाय आणि २९ कुणालाच नाही. पहिल्या खोक्यात मात्र सगळं ठीक. पहिलं खोकं तू ‘विसावर नऊ’, ‘साठावर नऊ’ असं लिहिलं होतंस.

मग मी माझा तो शंभर ओळींचा छोटा तक्ता उघडला. माझ्याने लिहवत नाही. तो करताना मी एकोणवाले शब्द सोडून दिले होते आणि शेवटी एकत्र भरले होते. मला आठवतसुद्धा नव्हतं की मी तसं केलं. एकोणीस बरोबर आहे. त्याच्यापुढे एकोणतीस आणि समोर ३९. एकोणचाळीस आणि समोर ४९. तीस ऐकलं की तीन लिहायचा, चाळीस ऐकलं की चार. आजोबांच्या पाटीवरची तीच मी. ओळी शंभर भरल्या, म्हणून मी समाधानात होते. शंभरच होत्या, फक्त त्यांतल्या सात चुकीच्या. तीन खोक्यांत मिळून एकवीस माणसं दहा घरं पुढे सरकली. आणि तक्ता एकदाही अडला नाही, कारण त्याला माणूस ओळखू येत नाही. त्या नावाची फाइल असली की तो उघडतो.

सरळ शब्द लिही म्हणून मीच तुला सांगितलं होतं.

एकवीसपैकी पाकिटं फक्त तिघांना गेली. मास्तरांना ८९ च्या जागी ९९. घड्याळजींना ७९ च्या जागी ८९. आणि ड्रायव्हर होता एकोणसत्तर, म्हणजे नर्सबाईंना मी पाठवलाय तो ७९.

७९ घड्याळजींचा आहे, आत्या.

मास्तरांनी तक्रार केली, घड्याळजींनी केली. नर्सबाईंनी केली नाही, कारण त्यांना करताच येणार नाही. त्यांच्या भिंतीवर समोरच्या दुकानातला जिवंत माणूस त्यांचा बाप म्हणून लटकतोय. आणि तो माणूस तू रोज बघतेस. काउंटरवर पाकीट उघडलं तेव्हा तू समोर होतीस. म्हणून ‘स्वच्छ’!

मी खरा ६९ उघडला. सोबत पाठवते. मळका शर्ट, वरचं बटण चुकीच्या काजात, मान थोडी वाकडी, आणि डोळे मिटलेले. पूर्ण मिटलेले. पाकिटावर काकांनी काही लिहिलंय का ते बघ.

तू मला का सांगितलं नाहीस?

भाची


५ मार्च

एकोणी,

आज मी तुला याच नावाने हाक मारणार. राग आला तर येऊ दे.

हो, मी ओळखलं. कागद पुरता उलगडला नव्हता तेव्हाच ओळखलं. पण त्या बाईने फोटो दोन्ही हातांनी असा धरला होता, उतू जाणारं भांडं धरावं तसा. ऐकू येत नाही म्हणून मी लोकांची तोंडं वाचते. तिच्या ओठांवर एकच शब्द होता, आणि तो मी आयुष्यात कुणाकडून ऐकलेला नाही अशा रीतीने ती म्हणत होती. मी काय करायला हवं होतं? चिमटीत धरून तिच्या हातून बाप काढून घ्यायचा?

पुढचं ऐक. चौकट करायला तिला छोटे खिळे हवे होते, म्हणून ती फोटो घेऊन थेट घड्याळजीकडे गेली. त्याने भिंगातून बघितलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा स्वतःच तो, डोक्यावर केस असलेला. म्हणाला, "बाप देखणा होता हो तुमचा." खिळे दिले, ठोकूनही दिले. मग रस्ता ओलांडून माझ्याकडे आला, खुर्चीत बसला आणि पाटीवर लिहिलं: ‘वहिनी, मी मेलो कधी?’ आम्ही दोघं खूप हसलो. मग तो म्हणाला, राहू दे, मला फोटो नकोच आता. कुणाच्या तरी उपयोगी पडलो. तसं आमचं ठरलं.

आता पाकिटाचं. काकांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: ‘डोळे मिटले. पुन्हा घेणे.’

तो दिवस मला पाठ आहे. आम्हाला नाटकाला जायचं होतं आणि मी नटूनथटून दारात उभी होते. काका म्हणाले, "डोळे मिटले, आणखी एक घेऊ." ड्रायव्हर म्हणाला, "घ्या की, मी काय पळतोय?" आणि मी म्हटलं, "उद्या घ्या, तिकडे पडदा उघडेल." उद्या तो आला नाही. परवा बातमी आली. काका मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्यांनी बिघडलेल्या सगळ्या निगेटिव्ह फेकल्या आणि ही तेवढी ठेवली. रजिस्टर ‘सापडत नव्हतं’ असं जे मी तुला लिहिलं, ते सापडत होतं. ते माझ्या कपाटात होतं.

तर तुझी चूक झाली तेव्हा मला बरंच वाटलं, पोरी. तिला सरळ नजरेचा बाप मिळाला, आणि माझी ती संध्याकाळ झाकली गेली. आता तूच सांग, मिटल्या डोळ्यांचा, वाकड्या मानेचा माणूस तिला नेऊन देऊन कुणाचं भलं होणार आहे? राहू दे. तक्त्यात दुरुस्त कर, भिंतीवर नको.

आत्या


९ मार्च

आत्या,

तुझं पत्र वाचून मी चालत सुटले. कुठवर गेले ते कळलं नाही, पण कुलूप बघायला परत आले नाही. तेवढंच.

नाटकाचं मला काही म्हणायचं नाही. तू तेव्हा आताच्या माझ्यापेक्षाही लहान होतीस आणि नाटकाला चालली होतीस. ते काही पाप नाही.

पण राहू देता येणार नाही. आपण तिघं म्हातारे झालो, मेलो, तर प्रश्न मिटेल असं तुला वाटत असेल. घड्याळजींचा एखादा पुतण्या उद्या त्यांच्या घरात जुना फोटो दाखवील. नर्सबाईंकडून इंजेक्शन घेताना ते स्वतःच काही बोलून जातील. आणि यातलं काही झालं नाही तरी मला माहीत आहे. एकोणसत्तरच्या घरात एक माणूस आहे. परवान्यासाठी आला होता, एकटा. त्याच्या नावासमोर दुसऱ्याचा चेहरा उघडावा, ही माझी चूक आहे, दैव नाही. ती चूक मी ‘बरं झालं’ म्हणून ठेवली, तर यापुढे मी लिहिलेल्या कुठल्याच नोंदीवर माझा विश्वास राहणार नाही.

सोबत ६९ चा फोटो, तेवढाच मोठा, तसल्याच जाड कागदावर. आणि नर्सबाईंना पत्र. पाकीट चिकटवलेलं नाही. आधी तू वाच. तुला देणं जमणार नसेल तर तसं लिही, मी रविवारी येते.

पत्र असं आहे:

"नर्सबाई, मी स्टुडिओवाल्या आत्याची भाची. तुम्हाला जो फोटो दिला तो तुमच्या वडिलांचा नाही. आकडा मी चुकवला. चूक सर्वस्वी माझी. तो माणूस कोण हे आत्या सांगतील. वडिलांचा फोटो सोबत आहे. त्यात त्यांचे डोळे मिटले आहेत. दुसरा फोटो नाही, मी सगळी खोकी पुन्हा पाहिली. एक महिना तुमच्या भिंतीवर मी परका माणूस ठेवला, याची माफी कशी मागायची ते मला येत नाही. रागावायचं असेल तर पत्ता मागे आहे."

एकोणी


१९ मार्च

एकोणे,

दिलं.

त्यांच्या खोलीवर गेले. मुद्दाम सकाळी, ड्यूटीच्या आधी. पत्र वाचताना त्या उभ्या होत्या, मग कॉटच्या कडेला बसल्या. फोटो बघितलाच नाही, उलटा मांडीवर ठेवला. भिंतीकडे बघून मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" ते मला मशीनशिवाय कळलं. मी हो म्हटलं आणि सगळंच सांगून टाकलं. नाटक, दारात उभी असलेली मी, ‘उद्या घ्या’, कपाटातलं रजिस्टर. त्या म्हणाल्या, "आत्याबाई, आता तुम्ही जा." मी आले.

दोन दिवस त्यांनी दारातून खूण केली नाही. सरळ पुढे बघून जायच्या. मी खोकी बांधत होते, पण एक गाठ धड बसेना. तुझा स्वभाव मला लागला की काय असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी समोर रस्त्यावर बघते तर चौकट बगलेत मारून बाई घड्याळजीच्या दुकानात. दार उघडं होतं, तोंडं दिसत होती, म्हणून मी वाचू शकले. म्हणाल्या, "घ्या, तुमचं तुम्हाला. सुई बघून आरडाओरडा करणारा बाप मला नकोच होता." घड्याळजी काही म्हणाला ते त्याच्या भिंगाआड गेलं. पण चौकट घेऊन तो बराच वेळ डोक्यावरून हात फिरवत बसला होता.

मग त्या माझ्याकडे आल्या. काउंटरवर तुझा जाड कागद ठेवला. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या शेजारी ठेवलं. मी दोन्हींकडे बघितलं. मान डावीकडे तेवढीच वाकडी. आणि दोन्ही ठिकाणी पापण्या अशा मिटलेल्या, जोर लावून नाही, कुणी हाक मारावी आणि ओ द्यायच्या आधी क्षणभर थांबावं तशा.

मी म्हटलं, "पुन्हा घ्यायचा राहिला हो, माझ्यामुळे." त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि दवाखान्यात म्हाताऱ्यांशी बोलतात तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "पुन्हा घेतला असता तर डोळे उघडे आले असते. मग मला हे कळलंच नसतं." मग ओळखपत्र गळ्यात घातलं आणि बाहेर गेल्या. दारातून मागे वळून हाताने खूण केली. पूर्वीचीच, ‘आला का?’ची. मी मान हलवली: आला.

तुला त्यांचा निरोप: पत्ता मिळाला, पण रागवायला सध्या वेळ नाही, ड्यूटी डबल आहे.

मालकाकडून एक महिना वाढवून घेतला आहे. त्याने कागदावर लिहिलं, मी चष्मा लावून वाचलं. पाचव्या खोक्याची यादी सोबत आहे. शब्द आपलेच घातले आहेत. तुझ्या तक्त्याला कळत नसतील तर त्याला शिकव, तू शिकलीस तशी. पहिली नोंद: छत्रीवाला आणि त्याची आई, विसावर नऊ.

आत्या